उरलेले पेलेट, अर्धी खोकी आणि लॉट नंबर: नव्या नेमबाजांसाठी

नेमबाजी सुरू करून सहा-आठ महिने झाले की किटबॅगेत अर्धवट डब्या साठायला लागतात. एकीत शंभर-सव्वाशे पेलेट, दुसरीत चाळीसेक, तिसरीच्या तळाशी मूठभर. मग कधीतरी आवराआवर निघते आणि सगळं एका डबीत ओतलं जातं. कधी आई ओतते, कधी मूल स्वतःच. यात हेतू वाईट नसतो. बाहेरून येणारे मॅच पेलेट महाग असतात आणि हवा तोच माल हवा त्या दिवशी पुण्यातल्या दुकानात मिळेल याची खात्री नसते, त्यामुळे एकही छर्रा वाया घालवावासा वाटत नाही.

ओतण्याआधी हे वाचा. बालेवाडीच्या क्रीडा संकुलात, शाळेच्या रेंजवर किंवा घराजवळच्या क्लबात दहा मीटरची एअर रायफल किंवा एअर पिस्तूल नुकतीच हातात घेतलेल्यांसाठी आणि त्यांच्या पालकांसाठी हे लिहितोय. पुढे पॉइंट बावीसच्या, म्हणजे .२२ इंची रायफलच्या, काडतुसांबद्दल आणि बंदुकीच्या दारूबद्दलही लिहिलंय, कारण अमेरिकेतले काडतूस भरण्याचे व्हिडिओ बघून ‘उरलेली दारू एकत्र केली तर चालते का’ हा प्रश्न हल्ली शिकाऊ मुलंसुद्धा विचारतात. तिन्ही प्रश्नांचं मूळ एकच आहे. वेगवेगळ्या लॉटचा माल एकत्र केला की तो काय करेल हे आधी सांगता येत नाही, आणि एकदा केलेली मिसळ पुन्हा वेगळी करता येत नाही.

लॉट बदलला की काय बदलतं

पेलेट शिशाचा असतो. शिशाची तार कापून तिचे तुकडे साच्यात दाबले जातात. पुढे सपाट डोकं, मध्ये बारीक कंबर, मागे पातळ पोकळ घेर, ज्याला सगळे स्कर्ट म्हणतात. डोकं सपाट असल्यामुळे कागदावर स्वच्छ गोल भोक पडतं. मागून हवेचा दाब आला की स्कर्ट किंचित फुलतो आणि बॅरलच्या खाचांना घट्ट बसतो. साचा म्हणजे डाय. असंख्य पेलेट दाबून झाले की तो झिजतो आणि बदलावा लागतो. शिशाचा माल बदलतो, मशिनची सेटिंग बदलते. एका सेटिंगमधून निघालेल्या मालाला कंपनी एक नंबर देते, तोच लॉट नंबर. पुढच्या लॉटचं डोकं मिलिमीटरच्या शंभराव्या भागाने वेगळं असू शकतं, स्कर्ट अंमळ जाड असू शकतो, वजनही थोडं इकडे-तिकडे असतं.

एवढ्याशा फरकाने काय होणार, असं वाटतं. म्हणून थोडा हिशेब करू. मॅच एअर रायफलचा पेलेट सेकंदाला साधारण १७० ते १७५ मीटर वेगाने निघतो. दहा मीटर जाईपर्यंत तो गुरुत्वाकर्षणाने दीड सेंटिमीटरहून थोडा जास्त खाली येतो. वेग सेकंदाला तीन मीटरने कमी झाला तर तो आणखी अर्धा-पाऊण मिलिमीटर खाली लागतो. दहा मीटर एअर रायफलचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि दशांश गुणांमध्ये एकेका दशांशाचं अंतर पाव मिलिमीटर. म्हणजे तुम्ही काहीही चुकलेला नसताना १०.५ चा शॉट १०.३ होतो. बॅरलला न मानवणारा पेलेट असेल तर नऊही लागतो.

एअर पिस्तूलवाल्यांनी इतकी धास्ती घ्यायची गरज नाही. तिथे दहाचं वर्तुळ साडेअकरा मिलिमीटरचं असतं आणि सुरुवातीच्या वर्षात हाताच्या हलण्यापुढे लॉटचा फरक दिसतही नाही. पिस्तूल शिकणाऱ्याने डब्या वेगळ्या ठेवाव्यात, नंबर लिहावेत, आणि चाचणीच्या भानगडीत इतक्यात पडू नये. पुढचं बरंचसं रायफलवाल्यांसाठी आहे.

गुण दोन-चार दशांशांनी घसरणं हे खरं नुकसान नव्हे. नवीन मुलगा नेम धरतो, ट्रिगर नीट दाबतो, आणि शॉट डावीकडे आठला जातो. त्याला वाटतं, आपलंच चुकलं. तो खांदा बदलतो, गाल वर घेतो, नेम जुळवायच्या साईटला दोन क्लिक देतो. पुढचा पेलेट दुसऱ्या लॉटचा निघतो आणि मधोमध बसतो. आता त्याची खात्री पटते की बदल बरोबर होता. अशा तऱ्हेने महिनाभरात चांगली बसलेली पोझिशन मोडते, आणि का मोडली हे कोचलाही सांगता येत नाही. घरात जुना आणि नवा तांदूळ एकत्र झाला की पाणी किती घालायचं ते कळत नाही, अर्धा भात फडफडीत आणि अर्धा गिचका होतो, तसंच हे. दोन्ही तांदूळ आपापल्या जागी चांगलेच असतात.

आधी डबी उलटी करून वाचा

बहुतेक डब्यांच्या तळाला किंवा मागच्या बाजूला एक छोटं स्टिकर असतं. त्यावर तीन गोष्टी शोधायच्या. पहिली, पेलेटचं नाव आणि वजन. रायफलचे मॅच पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचे असतात, पिस्तूलचे त्याहून हलके. आरडब्ल्यूएस आर-१० किंवा एच अँड एन फिनाले मॅच यांसारख्या पेलेटचे रायफल आणि पिस्तूल असे दोन प्रकार निघतात आणि डब्या पहिल्या नजरेला सारख्याच वाटतात, तेव्हा नाव पूर्ण वाचा. दुसरी, हेड साईज, म्हणजे डोक्याचा व्यास: ४.४९, ४.५०, ४.५१ असा आकडा. तिसरी, लॉट किंवा बॅच नंबर. काही कंपन्या डाय नंबरही देतात.

हे तिन्ही आकडे झाकणावर आतल्या बाजूने मार्करने लिहा आणि स्टिकरचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. स्टिकर घामाने आणि बॅगेतल्या घासण्याने महिन्या-दोन महिन्यांत पुसट होतं. डबी उघडल्याची तारीखही लिहा. झाकणं मात्र कधीच अदलाबदल करू नका. एका नावाच्या डबीला दुसऱ्या लॉटचं झाकण बसलं तर सगळं लिहिलेलं खोटं ठरतं.

मग उरलेल्या मालाची वाटणी करा. एकाच नावाचे, एकाच हेड साईजचे आणि एकाच लॉटचे दोन अर्धवट डबे असतील तर खुशाल एकत्र करा, ते मुळात एकच आहेत. नाव आणि हेड साईज तीच पण लॉट वेगळा असेल तर वेगळेच ठेवा आणि एक डबी संपवून मग दुसरी उघडा. हेड साईज किंवा कंपनी वेगळी असेल तर एकत्र करण्याचा प्रश्नच नाही. आणि ज्यांचा काहीच पत्ता लागत नाही, ते सगळे एका वेगळ्या डबीत टाका. त्या डबीवर ठळक लाल पट्टी चिकटवा.

लाल पट्टीचे पेलेट फेकू नका. कोऱ्या पांढऱ्या कागदावर फक्त ट्रिगरचा सराव करताना, उभं राहून रायफल स्थिर धरायला शिकताना, घरातल्या धाकट्याला क्लबात पहिल्यांदा चार शॉट मारू देताना ते उत्तम कामाचे आहेत. अट एवढीच की त्या डबीवर गुण मोजायचे नाहीत, साईट हलवायची नाही आणि डायरीत काही लिहायचं नाही.

कोणता लॉट आपल्या बॅरलचा, हे कसं शोधायचं

एकाच कंपनीच्या, एकाच मॉडेलच्या दोन रायफलींना वेगवेगळे लॉट मानवतात. मित्राच्या रायफलीला जो पेलेट अप्रतिम लागतो तो तुमच्या रायफलीत साधारण ठरू शकतो. त्यामुळे इतरांचं ऐकून पाच डब्या घेण्याआधी स्वतः तपासा. क्लबची रायफल वापरत असाल तर ती चाचणी कोचने आधीच केलेली असते, त्यांना विचारा आणि तेच वापरा. स्वतःची रायफल घेतली असेल तर पुढचं करा.

कोचची परवानगी घेऊन दुपारच्या रिकाम्या वेळेत एक लेन मागा. क्लबात रायफल पकडून ठेवायचा क्लॅम्प असेल तर उत्तम, नसेल तर टेबलावर वाळूची पिशवी घेऊन तिच्यावर रायफलचा पुढचा लाकडी किंवा अ‍ॅल्युमिनियमचा भाग टेकवा. बॅरल कशावरही टेकवू नका. रायफलच्या हवेच्या सिलिंडरमधला दाब मीटरवर बघून घ्या. तो हिरव्या पट्ट्याच्या खाली उतरलेला असेल तर सगळी चाचणी फुकट जाते. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं तरी या कामाला कागदी कार्ड वापरा, कारण कार्ड घरी नेऊन निवांत बघता येतं.

ज्या लॉटची पाळी असेल त्याचे आधी दहा-पंधरा शॉट असेच मारा. बॅरलमध्ये आधीच्या पेलेटच्या शिशाचा पातळ थर असतो, तो नव्या पेलेटला जुळू द्यायचा. मग नव्या कार्डावर दहा शॉट, सगळे एकाच नेमावर, साईटला हात न लावता. ग्रुप, म्हणजे त्या दहा भोकांचा पुंजका, दहाच्या ठिपक्यावर बसतो की सातवर, याची पर्वा नको. किती जवळ-जवळ बसतात तेवढंच बघायचं. कार्डावर लॉट नंबर लगेच लिहा, नंतर लिहू म्हटलं की कार्डांची अदलाबदल होते.

तीन लॉट तपासायचे असतील तर पहिल्याची तीन कार्डं सलग मारू नका. पहिला, दुसरा, तिसरा, मग पुन्हा पहिला, असं फिरत जा, लॉट बदलताना दरवेळी मधले काही शॉट सोडून. दमल्यामुळे किंवा उजेड बदलल्यामुळे येणारा फरक असा सगळ्यांत सारखा वाटला जातो. प्रत्येक लॉटची किमान तीन कार्डं हवीत. एका सुंदर कार्डावर भाळून निर्णय घेणारे खूप पाहिलेत. एखादं कार्ड योगायोगानेही छान पडतं.

घरी आल्यावर व्हर्नियर कॅलिपर घ्या. ग्रुपच्या सगळ्यात लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि त्यातून साडेचार मिलिमीटर, म्हणजे पेलेटचा व्यास, वजा करा. उरेल तो मधापासून मधापर्यंतचा ग्रुप. क्लॅम्पमध्ये चांगली मॅच बॅरल आणि मानवणारा पेलेट असेल तर दहाही शॉट मिळून एकच भोक दिसतं, साडेचारच्या जागी पाच-साडेपाच मिलिमीटरचं, कडा थोडी कुरतडल्यासारखी. वाळूच्या पिशवीवरून नवशिक्याचं भोक याहून मोठं येणारच, तेव्हा घाबरू नका. लॉट एकमेकांशी ताडून बघायचे आहेत, जगाशी नाही. सरासरीबरोबर प्रत्येक लॉटचं सगळ्यात वाईट कार्डही बघा. मी तर त्यालाच जास्त महत्त्व देतो, कारण स्पर्धेत त्या एका शॉटनेच निकाल फिरतो.

मग दोन लॉटची कार्डं एकमेकांवर ठेवून खिडकीच्या उजेडासमोर धरा. छापील वर्तुळं जुळवून घेतली की दोन्ही ग्रुप एकमेकांवर बसतात की एक वर आणि एक खाली आहे, ते एका नजरेत कळतं. ग्रुप दोन्ही लहान आहेत पण जागा वेगळ्या आहेत, असं बऱ्याचदा दिसतं. अशा दोन लॉटची मिसळ सगळ्यात फसवी. प्रत्येक लॉट एकेकटा उत्तम असतो, आणि एकत्र केले की दोन भोकं पडतात. ग्रुप सारखे आणि जागाही एकच असेल तर तुम्ही भाग्यवान आहात, दोन्ही लॉट एकामागून एक वापरा. तरीही एका डबीत ओतू नका, कारण त्यातला एक उद्या संपेल आणि कोणता संपला हे तुम्हाला कळायला हवं.

लॉटमध्ये अर्ध्या मिलिमीटरहून कमी फरक दिसला तर तो सोडून द्या. पहिल्या दोन वर्षांत तो फरक तुमच्या हाताला जाणवणार नाही. एकेक पेलेट काट्यावर तोलून वेगळे काढणारी मंडळीही आहेत. नवीन माणसाने तो वेळ पोझिशनवर घालवावा असं माझं स्पष्ट मत आहे.

हाताळताना

डबीतून डबीत ओतलं की मिसळ तर होतेच, शिवाय स्कर्ट चेपतात. स्कर्टची कड नखानेही दबते इतकी मऊ असते. दहा-वीस पेलेट हळूच फोमच्या पट्टीवर किंवा छोट्या ट्रेमध्ये काढा, स्कर्टचा गोल उजेडात एकदा बघा, अंडाकृती वाटला तर बाजूला ठेवा. जमिनीवर पडलेला पेलेट उचलून वापरायचा नाही. त्याला चिकटलेला वाळूचा कण बॅरलच्या आत ओरखडा काढतो, आणि नवी बॅरल ही पेलेटच्या डबीसारखी सहज मिळणारी वस्तू नव्हे.

शिशाबद्दल पालकांनी कडक राहावं. शिसं त्वचेतून फारसं जात नाही, पण बोटांवरून तोंडात जातं, आणि वाढत्या वयात ते मेंदूला घातक आहे. पेलेट तोंडात धरायचा नाही, एका क्षणासाठीही नाही. रेंजवर खाण्याचा डबा उघडायचा नाही. बाहेर येऊन वडापाव घेण्याआधी साबणाने हात धुवायचे. पाण्याने नुसते खळबळलेले चालत नाहीत. जुन्या डबीत पेलेटवर पांढरट पावडर धरलेली दिसली, जी आपल्याकडे पावसाळ्याच्या दमट हवेत बंद न केलेल्या डब्यांत दिसते, तर ते पेलेट वापरू नका आणि पुसून स्वच्छ करायलाही बसू नका. ती पावडर शिशाचीच असते. असा माल आणि चेपलेले पेलेट बंद डबीत घालून क्लबच्या भंगारात द्या, टार्गेटमागचं शिसं जिथे जमा होतं तिथे. घरी गॅसवर वितळवायचा विचार कुणी करत असेल तर त्याला तिथेच थांबवा.

पॉइंट बावीसची अर्धी खोकी

दहा मीटरवरून पन्नास मीटरवर गेलात की लॉटचं महत्त्व वाढतं. २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये स्वप्नील कुसाळेने ज्या पन्नास मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पोटावर झोपून आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवलं, त्या प्रकाराकडे पुण्यातली बरीच मुलं आता बघतायत. म्हणून थोडक्यात सांगतो.

तिथे वेग सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास असतो. दोन काडतुसांच्या वेगात सेकंदाला दहा मीटरचा फरक पडला तर पन्नास मीटरवर शॉट सात-आठ मिलिमीटर वर-खाली होतो. दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं आणि पुढच्या प्रत्येक वर्तुळाचं अंतर आठ मिलिमीटर. म्हणजे सरळ एक गुण. म्हणूनच एलेसारख्या कंपन्या मॅच काडतुसांच्या खोक्यावर लॉट नंबरबरोबर त्या लॉटचा वेगही छापतात, आणि नामवंत नेमबाज एलेच्या बर्मिंगहॅमच्या किंवा लापुआच्या जर्मनीतल्या चाचणी रेंजवर स्वतःची रायफल नेऊन लॉट निवडतात.

काडतुसांच्या गोळीवर मेणासारखं वंगण असतं आणि ते प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. एका कंपनीचं काडतूस सोडून दुसऱ्याचं घेतलं की बॅरलमध्ये नवं वंगण बसेपर्यंत वीसेक शॉट कुठेही जातात. त्यामुळे दोन कंपन्यांची सुटी काडतुसं एका पाऊचमध्ये घालून सराव करणं म्हणजे सराव न करणंच. काडतुसं पन्नासच्या खोक्यातच ठेवा, खोक्यावर उघडल्याची तारीख घाला, ऊन लागणाऱ्या गाडीच्या डिकीत ठेवू नका. एप्रिल-मे महिन्यात पुण्यात बंद गाडी आतून किती तापते ते सगळ्यांना माहीत आहे.

उरलेली काडतुसं क्लबात परत जमा करायची आणि रजिस्टरमध्ये आकडा लिहायचा. परवाना नसताना एकही काडतूस खिशात घरी येता कामा नये, चुकूनसुद्धा. रोज रेंजवरून निघताना खिसे आणि बॅगेचे कप्पे तपासायची सवय लावा. विमानतळावर बॅगेत सापडलेलं एक विसरलेलं काडतूस पोलिसांपर्यंत प्रकरण नेतं.

काडतूस फुटलं नाही तर नळी टार्गेटकडेच ठेवायची, बोट ट्रिगरबाहेर काढायचं, रेंज ऑफिसरला हाक मारायची, किमान अर्धा मिनिट थांबायचं, आणि मग त्यांच्यासमोर बोल्ट उघडायचा. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला तर पुढचं काडतूस घालूच नका. गोळी बॅरलमध्ये अडकलेली असू शकते. न फुटलेलं काडतूस पकडीने उघडून बघण्याची उत्सुकता काहींना असते. पॉइंट बावीसमध्ये पेटणारं द्रव्य मागच्या कडेतच भरलेलं असतं, तिथे चिमटा लावणं म्हणजे हातात स्फोट.

आणि ती दारूची गोष्ट

पॉइंट बावीस रिकामं झालं की पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे तुम्हाला हा प्रश्न प्रत्यक्षात पडणार नाही. व्हिडिओत दिसतात ती मोठ्या रायफलची, मागे मधोमध पेटवणारी कॅप असलेली काडतुसं. अमेरिकेत ती घरी भरण्याचा छंद कायदेशीर आहे. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या कलम ५ नुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला किमान सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. फटाक्यांतली दारू, जुन्या काडतुसांतली दारू, काहीही घरी हाताळायचं नाही. इतकं सांगून झाल्यावरही प्रश्नाचं उत्तर द्यायला हवं, कारण ते कळलं की लॉट नंबर म्हणजे काय हे पक्कं डोक्यात बसतं.

आजची बंदुकीची दारू नायट्रोसेल्युलोजची असते, काहींत नायट्रोग्लिसरीनही. ती पत्र्यांसारखी, गोळ्यांसारखी किंवा बारीक कांड्यांसारखी मिळते आणि प्रत्येकीचा जळण्याचा वेग वेगळा असतो. दिसायला सारख्या दोन दारू जळायला अगदी वेगळ्या असू शकतात. अमेरिकेत आयएमआर ४८३१ आणि हॉजडनची एच ४८३१ अशा दोन दारू मिळतात. आकडा एकच, पण आयएमआरची लवकर जळते. एकीचं माप दुसरीला लावलं तर नळीतला दाब धोक्याच्या पुढे जाऊ शकतो. अशा दोन मिसळल्या तर त्या मिसळीचं माप जगातल्या कुठल्याही पुस्तकात सापडणार नाही.

एकाच कंपनीची, एकाच नावाची पण दोन लॉटची दारू ही थोडी वेगळी गोष्ट आहे. तिथेही लॉटगणिक थोडा फरक असतो. कंपनी स्वतः वेगवेगळे माल मिसळून ठरलेल्या वेगाची दारू तयार करते, पण ती दाब आणि वेग यंत्रावर मोजून मिसळते. घरच्या टेबलावर ते यंत्र नसतं. म्हणून जबाबदार माणसं मूळ डब्याबाहेरची, नाव न लिहिलेली दारू कधीच वापरत नाहीत, लॉट बदलला की माप कमी करून पुन्हा खालून सुरुवात करतात, आणि एकाच नावाचे उरलेले भाग कुणी एकत्र केलेच तर ती मिसळ पूर्ण नवा लॉट समजून पहिल्यापासून तपासतात. आंबूस वास येणारी किंवा गंजासारखी लालसर धूळ धरलेली दारू खराब झालेली असते. ती चांगल्या दारूत मिसळली तर चांगलीही वाया जाते.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा, म्हणजे पुण्यात पिढ्यानपिढ्या या कामातली माणसं आहेत. अशा कारखान्यांत दारूचा लॉट आला की आधी चाचणी होते, मग काडतुसात किती भरायची ते ठरतं. तिथून निवृत्त झालेले कुणी काका तुमच्या सोसायटीत असतील तर त्यांना लॉटबद्दल विचारा. खोक्यावरचा नंबर ही माणसं किती गंभीरपणे घेतात ते ऐकण्यासारखं असतं.

खरेदी करताना

अर्धवट डब्या साठू नयेत याचा उपाय खरेदीतच आहे. आठवड्यातून चार दिवस साठ-साठ शॉट मारणाऱ्याला आठवड्याला अडीचशेच्या आसपास पेलेट लागतात, म्हणजे पाचशेची डबी दोन आठवडे. तीन महिन्यांना सहा-सात डब्या. चाचणीत एखादा लॉट आवडला की त्याच लॉटच्या एवढ्या डब्या एकदम घ्या. एकट्याला परवडत नसेल तर त्याच लॉटवर खूश असलेल्या क्लबमधल्या दोघा-तिघांनी मिळून मागवा.

दुकानदाराला फोन केलात तर नुसतं नाव सांगू नका, हेड साईज आणि लॉट नंबरही सांगा आणि पैसे देण्याआधी स्टिकरचा फोटो मागून घ्या. पार्सल आलं की सगळ्या डब्यांचे नंबर एकच आहेत का ते बघा. सहापैकी दोन वेगळ्या निघाल्या तर उघडण्याआधीच परत करा. उघडलेली डबी कुणी परत घेत नाही. त्यातल्या दोन डब्या स्पर्धेसाठी वेगळ्या ठेवा, त्यांना सरावात हात लावू नका, आणि स्पर्धेच्या आठवड्यात नवा लॉट सुरू करू नका, दुकानदाराने कितीही चांगला म्हणून सांगितला तरी.